पदव्युत्तर पदविकेची बाजू

मानव्यविद्येतल्या एका वर्षाच्या पदव्युत्तर पदविकेबद्दल विद्वान, पालक आणि नोकरी देणारे यांचे जेवढे एकमत आहे, तेवढे दुसऱ्या कुठल्या शैक्षणिक प्रश्नावर नसेल. विद्वान म्हणतात, शनिवार-रविवारच्या वर्गात बसून इतिहास येत नाही. पालक म्हणतात, करायचे तर सरळ एमए करा, नाहीतर बीएड करा. नोकरी देणारे काहीच म्हणत नाहीत. अर्जातल्या त्या ओळीवरून त्यांची नजर सरळ पुढे जाते. मोडी, पाली, प्राकृत, हस्तलिखितशास्त्र, पुरातत्त्व, भाषांतर अशा विषयांचा नोकरी-संसार सांभाळून केलेला अभ्यास या तिघांच्याही लेखी वेळ घालवण्याचा एक सभ्य मार्ग आहे. हा पूर्वपक्ष मला मान्य नाही. मात्र त्यात काही अंश खरा आहे, म्हणून तो नुसता झटकून टाकता येणार नाही.

सगळ्यांत जुना आक्षेप उथळपणाचा. दोन वर्षांत जे जेमतेम होते, ते एका वर्षात कसे व्हावे? आधी तासांचा हिशेब पाहू. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे ४० श्रेयांक म्हणजे १२०० तासांचा अभ्यास, वर्गातला आणि घरचा मिळून. ब्रिटनमध्ये पूर्ण एमए १८० श्रेयांकांचे, पदविका १२० ची आणि पदव्युत्तर प्रमाणपत्र ६० चे असते. तिथला एक श्रेयांक दहा तासांचा. म्हणजे त्यांचे सर्वांत छोटे प्रमाणपत्रसुद्धा ६०० तास मागते. एवढे तास कोणी खरोखर बसले, तर काय हाती लागते?

मोडीचे उदाहरण घेतो. अक्षरे ओळखायला महिना-दीड महिना पुरतो आणि खरा अभ्यास तिथून पुढे सुरू होतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. ओळ आधी आखून घ्यायची आणि लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे तिला लावत जायचे, अशी ही लिपी. शिवकाळातले वळण निराळे, पेशवाईतले निराळे, इंग्रजी अमदानीतल्या कारकुनाचे घाईचे वळण आणखी निराळे. वाचन जमले तरी कालनिर्णय उरतोच. कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे असेल तर तो शुहूर सन ११६१. त्यात ५९९ मिळवायचे की ६००, हे महिना पाहून ठरवायचे, कारण हा सन मृगाला बदलतो. पत्र पौषातले निघाले तर साल १७६१, म्हणजे पानिपतची लढाई झाली तोच महिना. एका आकड्याची चूक झाली की लढाईनंतरचे पत्र लढाईच्या आधीचे होऊन बसते. पुढे मायना पाहायचा. ‘तीर्थस्वरूप’ कोणाला, ‘राजश्री’ कोणाला, ‘अखंडित लक्ष्मी आलंकृत’ कोणाला, यावरून लिहिणाऱ्याची आणि ज्याला लिहिले त्याची पायरी कळते. एवढे सगळे एका वर्षात, जाणत्या शिक्षकाजवळ बसून, शिकता येते. आणि मोडीचा एक कागदही हातात न धरता इतिहासाचे दोन वर्षांचे एमए झालेले विद्यार्थी आपल्या विद्यापीठांत सर्रास भेटतात. मग उथळ कोणाला म्हणायचे?

अरुंद आणि उथळ या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. छोट्या अभ्यासक्रमाने अरुंदच असावे. एका लिपीचा, एका भाषेचा, एका प्रकारच्या साधनांचा तळ गाठायला एक वर्ष पुरते. सिंधू संस्कृतीपासून स्वातंत्र्यलढ्यापर्यंत सगळे एका वर्षात ‘परिचय’ म्हणून उरकणारा अभ्यासक्रम मात्र उथळच असतो, आणि तशा पदविका आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यावर होणारी टीका रास्त आहे.

आणखी एका प्रकाराची बाजू मी घेणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून राज्यातल्या विद्यापीठांत एमएचे पहिले वर्ष पूर्ण करून पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय झाली. अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्याला रिकाम्या हाताने जावे लागू नये हा हेतू चांगला आहे. पण पायाचे विषय पहिल्या वर्षी आणि त्यांचा उपयोग दुसऱ्या वर्षी, अशा बेताने रचलेल्या अभ्यासाचा तो पहिला तुकडा. एका वर्षासाठीच रचलेली, स्वतःपुरती पूर्ण असलेली पदविका ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हींचे नाव एकच ठेवल्यामुळे दुसरीच्या वाट्याला पहिलीचा बट्टा येतो.

आता नोकरीचे बोलू. पदविकेच्या बळावर सहायक प्राध्यापक होता येत नाही; त्याला ५५ टक्क्यांनी एमए आणि नेट, सेट किंवा पीएचडी लागते. प्रवेशाच्या वेळी हे स्पष्ट न सांगणारी संस्था विद्यार्थ्याला फसवते, असे मी म्हणेन. परंतु म्हणून हे शिक्षण निरुपयोगी ठरत नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा काय झाले ते आठवा. कोतवाल बुके, गावनमुने, शाळांची जुनी रजिस्टरे कपाटांतून बाहेर आली, त्यांतल्या कितीतरी नोंदी मोडीत निघाल्या, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. मराठा आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू खरी हा इथला विषय नाही. लाखो माणसांच्या हक्काचा प्रश्न ज्या कागदांवर येऊन थांबला, ते वाचणारी माणसे सरकारला ऐन वेळी शोधावी लागली, हे मला अत्यंत गंभीर वाटते. जमिनीच्या वादातल्या जुन्या खरेदीखतांचे, वाटणीपत्रांचेही तेच. ज्या घरात असा कागद आहे आणि वाचणारा नाही, त्या घराला या पदविकेचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही.

‘हौशी लोकांचे काम’ हा तिसरा शेरा. महाराष्ट्रात तरी तो कोणी मारू नये. भारतरत्न पां. वा. काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करत होते. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात निघाले. रियासतकार सरदेसाई बडोद्याच्या राजघराण्याच्या नोकरीत असताना रियासती लिहीत होते, आणि निवृत्तीनंतर त्यांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत संपादित केले. सेतुमाधवराव पगडी सनदी अधिकारी. दा. ध. कोसंबी गणिताचे प्राध्यापक. पोटाचा उद्योग एक आणि अभ्यास दुसरा, अशीच आपल्याकडच्या मोठ्या कामांची रीत राहिली आहे.

यावर लगेच विचारले जाते की या मंडळींना कुठे पदविका लागली होती? लागली नव्हती, कारण ही माणसे असामान्य होती. इतिहाससंशोधक राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळत. तेवढी जिद्द ज्याच्यात नाही, पण बुद्धी आणि आस्था आहे, अशा माणसाने कुठे जायचे? तालुक्याच्या शाळेतला शिक्षक, बँकेतला कारकून, लग्नानंतर गाव सोडलेली आणि मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तकांकडे वळलेली स्त्री, यांना पुण्यात दोन वर्षे खोली घेऊन राहता येत नाही. शिक्षणाची व्यवस्था असामान्यांवर बेतायची नसते.

याला एक दुसरी बाजूही आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गुरूशिवाय केलेल्या इतिहासाच्या हौसेचे काय होते, ते आपण रोज पाहतो. कोणाच्या तरी घरची कैफियत, नक्कल की अस्सल हे न पाहता, पुरावा म्हणून फिरवली जाते. मागाहून रचलेली वंशावळ व्हॉट्सॲपवरून सकाळी निघते आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावरून दोन गावांत भांडण लागते. वा. सी. बेंद्रे यांनी ‘साधन-चिकित्सा’ १९२८ मध्ये प्रसिद्ध केली. कागद कोणाच्या हातचा, कधीचा, लिहिणाऱ्याला त्यात काय साधायचे होते, हे प्रश्न जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मराठीत नीट मांडले गेले आहेत. ते विचारण्याची सवय वाचून थोडीफार लागते. पण आपण केलेले वाचन शिक्षकाने समोर बसून खोडून काढले, म्हणजे ती अंगी मुरते. गावागावांत अशी सवय असलेली दोन-चार माणसे असणे ही समाजाची गरज आहे, आणि ती माणसे नोकरदार, शेतकरी, गृहिणी यांच्यातूनच यायची आहेत. पूर्णवेळ संशोधक प्रत्येक गावाला मिळणार नाही.

अशी माणसे तयार होतात, हे मुंबईत दिसले आहे. साष्टी बेटाच्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणात मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल केंद्रात पुरातत्त्व शिकलेल्यांनी अभ्यासकांबरोबर भाग घेतला. इमारतींच्या आणि झोपडपट्ट्यांच्या गर्दीत उरलेली शिल्पे, वीरगळ, गधेगळ नोंदवायला आपला परिसर पायाखालचा असलेला आणि दगड पाहून थांबणारा माणूसच लागतो.

या छोट्या अभ्यासक्रमांनी एमएचे वर्ग ओस पडतील, ही भीती मात्र मला पटत नाही. पाली, अर्धमागधी, तत्त्वज्ञान यांचे वर्ग त्याआधीच विरळ झाले आहेत. खरा धोका निराळा आहे. रिक्त पदे न भरता, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या माथी शनिवार-रविवारचे वर्ग मारायचे आणि शुल्क मात्र पुरेपूर घ्यायचे, हे होऊ शकते, होतेही. त्याला विरोध करणाऱ्यांबरोबर मी उभा आहे. ज्या विभागात त्या विषयाचा कायम शिक्षक नाही, तिथे पदविका सुरू करण्याला परवानगीच असू नये.

दूरशिक्षणाबद्दलचा राग बहुतांशी परीक्षांमुळे आहे. ‘अपेक्षित’ प्रश्नसंच पाठ करून, गाइड उतरवून बाहेरून एमए झालेली माणसे पाहून लोकांचा विश्वास उडाला. तो परत मिळवायचा तर वेळेच्या बाबतीत सैल आणि कसोटीच्या बाबतीत कडक राहावे लागेल. अभ्यास एका वर्षात पुरा करा, आजारपण किंवा बाळंतपण आले तर तीन वर्षांत करा. पण शेवटी प्रत्येकाने पूर्वी कोणी न वाचलेले काही कागद वाचून, लिप्यंतर करून, तारीख लावून, टिपा देऊन सादर करावेत. पालीच्या विद्यार्थ्याने न शिकवलेला उतारा समजावून द्यावा. पुस्तकांची सोय पत्त्यावर व्हावी, कारण हिंगोलीच्या विद्यार्थ्याला डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात रोज बसता येणार नाही. मिळवलेले श्रेयांक पुढे एमएत धरले जावेत. श्रेयांकांची राष्ट्रीय पेढी २०२१ पासून आहे आणि तिथे ते सात वर्षांपर्यंत राहतात; तरी विद्यापीठे एकमेकांची पदविका मानायला का कू करतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात ठरली, आणि त्याच दिवशी पाली आणि प्राकृतही. ज्या ग्रंथांच्या बळावर हा मान मिळाला, त्यांतली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि महानुभावांच्या कितीतरी पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. त्याने मोडी, सकळ लिपी आणि महाराष्ट्री प्राकृत यांच्या तीन स्वतंत्र पदविका नोकरदारांसाठी काढाव्यात. सरावाचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरातून, मुंबई आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांतून, तंजावरच्या सरस्वती महालातून प्रतिमांच्या रूपाने मागवावेत, आणि विद्यार्थ्यांनी केलेली, शिक्षकांनी तपासलेली लिप्यंतरे त्या त्या दफ्तरखान्याला परत द्यावीत, म्हणजे तोच कागद पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागणार नाही.