नऊ सायकली आणि एक बोळ

मैत्रिणींनो, आपलं साड्यांचं कपाट आवरताना आपण कुणाला विचारत नाही. पण घरधन्याने हौसेनं जमवलेल्या वस्तू आवरायच्या झाल्या तर?

विठ्ठलवाडीच्या आमच्या तळमजल्याच्या घराशेजारी अरुंद बोळ आहे. तिथे यांच्या नऊ जुन्या पोलादी सायकली उभ्या असत. सासरे जिच्यावरून शहाडला शिफ्टला जायचे ती दुहेरी चिमट्याची हंबर, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतच्या तीन अ‍ॅटलस, वरळीची हिंद, दोन बीएसए आणि एक हर्क्युलिस. कपडे वाळत घालायला जायचं तर हँडलात पदर अडकायचा!

एकदा हे गावी गेले असताना वैतागून मी हर्क्युलिस भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकली. वीसेक किलो भरली. हे परत आले, बोळ पाहिला, काही बोलले नाहीत. महिन्याभराने कळलं, थोरल्याच्या वेळी मी इस्पितळात होते तेव्हा माझा डबा त्याच सायकलवरून यायचा. ती चूक आजही सलते. म्हणून पहिला नियम, पाठीमागे काही काढू नका.

यंदा यांचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा चहा करून दोघं बोळात बसलो. प्रत्येक सायकल उन्हात काढली आणि तीन प्रश्न विचारले. ही चालवणारं घरात कुणी आहे का? हिची गोष्ट कुणाला सांगता येते का? आणि हिच्यासारखीच दुसरी आहे का?

मग तपासणी. चाकं एका रेषेत आहेत का, नळ्यांच्या जोडाला चीर आहे का, पायडलखालची नळी गंजून पोकळ झाली आहे का, ते पाहावं. रंगावरून लोहचुंबक फिरवावा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी भरलेली असते. 26 जुलै 2005 च्या पुरात वालधुनीचं पाणी बोळात शिरलं होतं. त्यात भिजलेली एक अ‍ॅटलस आणि एक बीएसए आतून खलास निघाल्या. त्यांची घंटी, दिवा, सीट काढून घेतली आणि सांगाडे भंगारात दिले.

एक अ‍ॅटलस पेपर टाकणाऱ्या मुलाला दिली. अ‍ॅटलसचा शेवटचा कारखाना 2020 च्या जूनमध्ये बंद पडला, तेव्हा ती चालती राहिलेली बरी! हिंद आणि दुसरी बीएसए एका संग्राहकाकडे गेल्या. अशा वस्तूंची कदर कशी करतात ते पाहायचं असेल तर पुण्याला कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं 2017 साली सुरू झालेलं सायकल संग्रहालय आहे. यांना तिथला फेरफटका फार उपयोगी पडला.

उरल्या तीन, हंबर, सेन-रॅले आणि रोजची अ‍ॅटलस.

ठेवलेल्यांची निगा अशी:
* जुना रंग खरवडून नवा मारू नका. मूळ रंगालाच मोल असतं.
* चकचकीत भागावरचा हलका गंज रॉकेलच्या फडक्याने पुसा, मग तेलाचा हात फिरवा.
* पावसाळ्याआधी चेनला तेल द्या, टायरमध्ये हवा भरा, सायकल जमिनीपासून उंच टांगा.
* प्रत्येकीची गोष्ट वहीत लिहून ठेवा. सांगणारं माणूस कायम नसतं.

शेवटची सूचना मी स्वतः पाळली. वहीच्या पहिल्याच पानावर हर्क्युलिस आहे. सायकल नाही, निदान डब्याची गोष्ट तरी राहिली.