वारसा रक्ताचा, जबाबदारी समाजाची

पन्नाशीच्या आतला धडधाकट माणूस हृदयविकाराने अकस्मात गेला, की मर्तिकाला जमलेल्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येते : "त्यांच्या घराण्यातच आहे ते." बापाला होते, चुलत्याला होते, म्हणून मुलालाही झाले, त्याला कोण काय करणार? पूर्वी जे ललाटरेषेच्या माथी मारले जाई, ते आता आनुवंशिकतेच्या माथी मारले जाते, एवढाच काय तो फरक. शब्द विज्ञानाचा आला, दैववाद मात्र होता तसाच राहिला. म्हणूनच आनुवंशिकतेचे विज्ञान खरोखर काय सांगते, हे एकदा शांतपणे समजून घेणे अगत्याचे आहे.

त्यासाठी दूरदेशी जाण्याचे कारण नाही. हैदराबाद येथील 'सीसीएमबी' या नावाने परिचित असलेल्या संशोधन केंद्रात डॉ. कुमारसामी थंगराज यांनी भारतीयांच्या जनुकीय वारशाचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. देशविदेशांतील सहकाऱ्यांसह त्यांनी केलेले एक संशोधन 2009 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याची चर्चा जगभर झाली. हृदयाच्या स्नायूंचे कार्य सुरळीत राखणारे एक प्रथिन आहे. ते घडविण्याची आज्ञा ज्या जनुकात लिहिलेली असते, त्यातील 25 अक्षरे काही भारतीयांत गळालेली आढळतात. हे प्रमाण शंभरांत सुमारे चार, म्हणजे कोट्यवधी माणसे झाली. हा दोष मुख्यतः भारतीय उपखंडात आणि काही अंशी आग्नेय आशियात सापडतो. मग निसर्गाने तो पिढ्यान्‌पिढ्या खपवून कसा घेतला? उत्तर सोपे आहे. त्याचा उपद्रव होतो तो बहुधा मध्यम वयानंतर. तोवर माणसाला मुलेबाळे झालेली असतात आणि दोष पुढच्या पिढीच्या हवाली झालेला असतो.

हा दोष असलेल्यांना हृदय निकामी होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सातपट असतो, असा त्या वेळचा अंदाज होता. येथेच बातमी संपली असती, तर मर्तिकातले ते वाक्य खरे ठरले असते. पण 2018 साली, अमेरिकेत स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांची तपासणी करणाऱ्या संशोधकांना निराळेच चित्र दिसले. हा दोष असलेल्यांपैकी साधारण दहांतील एकाच्या त्याच जनुकात आणखी एक बिघाड होता, आणि हृदयविकाराची पूर्वचिन्हे आढळली ती या जोडदोषवाल्यांत. ज्यांच्यात पहिला दोष तेवढा होता, त्यांची हृदये इतरांसारखीच चालत होती. पहिले संशोधन खोटे ठरले, असा याचा अर्थ नव्हे. विज्ञान असेच पुढे जाते. आपले कालचे विधान आज स्वतःच तपासते. भविष्य सांगणारा हे कधी करीत नाही.

थंगराज यांच्या कार्याची दुसरी बाजू आपल्या समाजरचनेला थेट भिडणारी आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखविले, की सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील लोकसमूहांचे आपापसांत मोठ्या प्रमाणावर मिश्रण होत होते. पुढे ते थांबले आणि जातीतल्या जातीत विवाह हाच नियम झाला. त्याचा परिणाम काय, हे 2017 सालच्या संशोधनात दिसले. दक्षिण आशियातील 263 समूह तपासले असता 81 समूहांत मोजक्या मूळ पूर्वजांचा ठसा इतका ठळक आढळला, की या बाबतीत जगप्रसिद्ध असलेले फिनलंडचे लोक आणि मध्य व पूर्व युरोपातील ज्यूही मागे पडले. अशा समूहांत मधुमेह किंवा हृदयविकार आपोआप वाढतो, असे नव्हे. वाढतात ते आई व बाप या दोघांकडून एकच सदोष जनुक आल्यामुळे होणारे दुर्मीळ विकार. दक्षिणेतील वैश्य समाजात, शस्त्रक्रियेपूर्वी स्नायू सैल करण्यासाठी दिले जाणारे औषध न सोसण्याचा दोष इतरांच्या मानाने सुमारे शंभरपट आढळतो, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

सगोत्र विवाह टाळला की रक्ताचे नाते टळले, अशी आपली पिढीजात समजूत आहे. पण गोत्र मुख्यतः बापाकडची परंपरा सांगते. साराच समूह मोजक्या पूर्वजांपासून वाढलेला असेल, तर गोत्रे निराळी असूनही वधूवरांच्या अंगी एकच दोष असू शकतो. पत्रिकेतील छत्तीस गुण जुळवून पाहणाऱ्या आईबापांनी थॅलसेमियाची साधी रक्ततपासणी करून घेतली, तर ते अधिक शहाणपणाचे ठरेल. ज्यू समाजात 1970 च्या दशकापासून अशा तपासण्या होऊ लागल्या आणि लहान मुलांचा बळी घेणारा टे-सॅक्स हा रोग त्या समाजात 90 टक्क्यांहून अधिक घटला. मात्र अमुक जातीचे रक्तच रोगट, असा शिक्का या ज्ञानातून कोणी तयार करील, तर त्याला वेळीच रोखले पाहिजे. दोष नसलेला समूह जगात नाही. कोणाचा दोष शोधला गेला, कोणाचा अजून शोधायचा आहे, इतकेच.

आता आपल्या गोव्याकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण 11.4 टक्के, तर गोव्यात 26.4 टक्के आहे. साऱ्या देशात हा आकडा सर्वांत मोठा. चार माणसांत एकाहून अधिक! उत्तर प्रदेशात हेच प्रमाण 4.8 टक्के आहे. मधुमेहात आनुवंशिकतेचा वाटा आहेच. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे, की पुण्याच्या परिसरातील खेड्यांतले बाळ जन्मतः सरासरी 2.7 किलोचे, इंग्लंडमधले 3.5 किलोचे; पण आपल्या किरकोळ बाळाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र जवळपास तेवढीच. यात जनुकांबरोबर मातेच्या पोषणाचाही भाग आहे. परंतु जनुके काही एका पिढीत बदलत नाहीत. आजोबा शेतात, मिठागरात किंवा होडीवर घाम गाळीत होते. नातू दुचाकीवरून कचेरीत जातो आणि तेथे दिवसभर बसून राहतो. वारसा दोघांचाही एकच, बदलले ते जगणे.

आणि जगणे पुन्हा बदलता येते, याचा पुरावाही आपल्याच देशात आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या लोकांवर केलेला प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. नेहमीप्रमाणे वागणाऱ्यांपैकी 55 टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. आहार व चालणे यांकडे लक्ष पुरविणाऱ्यांत हे प्रमाण 39.3 टक्के राहिले. रक्त तेच होते, निकाल निराळा लागला.

यातून सरकारचे कर्तव्यही स्पष्ट होते. माणसांना चालायचे तर पदपथ हवेत, मैदाने शाबूत हवीत, आणि ज्यांच्या घरात मधुमेह वा अकाली हृदयविकार आहे त्यांची तपासणी प्राथमिक आरोग्यकेंद्रात वेळेवर व्हायला हवी. दुसरे कर्तव्य कायद्याचे. 'विकार आनुवंशिक आहे' असे सांगून हृदयरोग्याला विम्याचे पैसे नाकारणे हा भेदभाव होय, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली दिला. अमेरिकेने यासंबंधी कायदा 2008 मध्येच केला. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. दहा हजार भारतीयांच्या संपूर्ण जनुकीय आराखड्यांचा संग्रह 2025 साली संशोधकांना खुला झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण लोकांनी विश्वासाने दिलेल्या रक्तातील माहिती उद्या त्यांच्याच नोकरीच्या वा विम्याच्या आड येणार नाही, याची हमी कायद्यानेच मिळाली पाहिजे.

आनुवंशिकता हे रोगाचे एक कारण आहे. निष्क्रियतेची ती सबब होऊ शकत नाही. आपल्या घराण्यात काय आहे हे ज्याला आधी कळले, त्याला सावध होण्याची संधीही आधी मिळाली. पूर्वजांनी काय दिले यावर आपला इलाज नाही. आपल्या मुलांना कसले जगणे द्यायचे, हे मात्र आपल्या हाती आहे.