पॉवर स्टिअरिंग म्हणजे चैन नव्हे!

सेकंडहँड अल्टो ८०० च्या जाहिराती रोज व्हॉट्सॲपवर येतात. साल, किलोमीटर, 'सिंगल ओनर' सगळं असतं. व्हेरिएंट मात्र गायब. अहो, स्टँडर्डला साधं स्टिअरिंग, एलएक्सआयला पॉवर. हा फरक फोटोत दिसत नाही!

"आम्ही नाही का चालवली?" हे उत्तर मला पटत नाही. साध्या रॅकला जळायला मोटर नाही, खर्च कमी, हायवेवर जडही लागत नाही, मान्य. पण आपण फिरतो बाजारपेठेत. इंजिन पुढे, वजन पुढच्या चाकांवर. उभी गाडी वळवताना सगळा जोर हातांवर. म्हणजे खांदे दुखणारे काका, नुकतीच शिकलेली ताई गाडीपासून लांबच. इंजिन मागे असलेल्या नॅनोलाही २०१४ च्या ट्विस्टमध्ये पॉवर स्टिअरिंग द्यावं लागलं!

गाडी कोण चालवू शकेल हे ज्यावर ठरतं, ते म्युझिक सिस्टीमच्या रांगेत कसं बसवता?

एजंट मंडळी, जाहिरातीत व्हेरिएंट लिहा. घेणाऱ्यांनो, टायरमध्ये हवा नीट भरून, इंजिन चालू ठेवून, उभ्या गाडीचं स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. घरात जे जे चालवणार, त्या सगळ्यांना फिरवू द्या. मगच बयाणा.