नफा बघता, मग कर्ज कोण बघणार?

पहिला पगार झाला की घरी पेढे जातात आणि फोनवर डिमॅट खातं उघडतं. चांगलंच आहे. पण मित्रांनो, शेअर निवडताना आपण बघतो काय? गेल्या वर्षी किती वाढला, ग्रुपवर कोण काय म्हणतंय, फार तर नफ्याचा आकडा. कंपनीने पैसा कुठून आणला, कुठे घातला आणि त्याबद्दल खरं सांगितलं का, हे विचारायचं राहूनच जातं. तुमचा फायदा आणि तुमचा धोका, दोन्ही खरं तर तिथेच ठरतात.

साधं गणित करू. एका धंद्याला १०० रुपये लागतात. सगळे मालकाचे असतील आणि वर्षाला २० रुपये सुटले, तर परतावा २० टक्के. आता ५० रुपये स्वतःचे आणि ५० रुपये १० टक्के व्याजाने घेतलेले धरा. २० मधून ५ रुपये व्याज गेलं, उरले १५. तेही ५० रुपयांवर, म्हणजे ३० टक्के. भारीच की! पण मंदी आली आणि ५ रुपयेच सुटले, तर ते सगळे व्याजात जातात. मालकाच्या हाती शून्य. बिनकर्जाच्या धंद्याला तेव्हाही ५ टक्के मिळाले असते.

कर्ज किती मुदतीचं आहे, हेही बघा. मुंबईच्या आयएल अँड एफएसने रस्ते, बोगदे असे वर्षानुवर्षांनी पैसे परत देणारे प्रकल्प हाती घेतले आणि त्यासाठी बरीच उचल थोड्या मुदतीची केली. २०१८ मध्ये परतफेड चुकायला लागली, तेव्हा समूहावर सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज होतं. त्याच वर्षी काही महिने आधीपर्यंत पतमानांकन संस्थांचा ‘एएए’, म्हणजे सर्वांत सुरक्षित, असा शिक्का तिच्यावर होता. नोकरदारांच्या प्रॉव्हिडंट फंडांचे पैसेही त्यात अडकले.

निर्णय चुकला तरी तो दिसत असेल, तर तुम्ही बाहेर पडू शकता. आकडेच खोटे असतील तर काय करणार? सत्यम कॉम्प्युटरला सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभारासाठी ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला. डिसेंबरमध्ये तिने प्रवर्तकांच्या घरच्याच दोन ‘मायटास’ कंपन्या विकत घ्यायचं ठरवलं. गुंतवणूकदार खवळले आणि बेत काही तासांत मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबुली दिली: दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकीतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. १७९ रुपयांच्या आसपासचा शेअर त्याच दिवशी ४० च्या खाली आला. हजारो इंजिनिअरांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. पुढे टेक महिंद्राने कंपनी घेतली म्हणून निभावलं.

म्हणजे हा विषय फक्त शेअरवाल्यांचा नाही. कॅम्पस प्लेसमेंटला बसणाऱ्यांचाही आहे.

‘एवढं सगळं कोण वाचत बसणार?’ असं म्हणाल. सगळं वाचूही नका. तीनच गोष्टी बघा. एक, नफा वाढतोय पण धंद्यातून प्रत्यक्ष रोकड येतेय का? हे वार्षिक अहवालातल्या रोकड प्रवाहाच्या तक्त्यात कळतं. दोन, प्रवर्तकांनी आपले किती शेअर गहाण ठेवलेत? सत्यमनंतर ‘सेबी’ने ही माहिती जाहीर करणं बंधनकारक केलं. दर तिमाहीला ती शेअर बाजाराच्या वेबसाइटवर फुकट मिळते. तीन, कंपनीचा पैसा मालकाच्या नातेवाइकांच्या कंपन्यांकडे तर जात नाही ना? वार्षिक अहवालात त्याचीही वेगळी नोंद असते.

याने तोटा कधीच होणार नाही, असं नाही. धंदा म्हटला की धोका आलाच. पण समोर दिसणाऱ्या धोक्याची किंमत ठरवता येते, लपवलेल्याची नाही. म्हणूनच मोकळेपणाने हिशेब देणाऱ्या कंपनीवर लोक विश्वास टाकतात आणि तिला भांडवलही स्वस्त पडतं.

तुमच्याकडे एकच शेअर असला, तरी वार्षिक सभेची नोटीस तुमच्या ईमेलवर येते. ती न उघडताच डिलीट करू नका. सभेत प्रश्न विचारायचा हक्क तुम्हालाही आहे.