एक जनरल बसवा म्हणे!



"या पुढाऱ्यांना हाकला आणि पाच वर्षं देश लष्कराकडे द्या, सगळे सुतासारखे सरळ येतील!" हे वाक्य आमच्या चौलच्या नाक्यावर ऐकतो, लग्नाच्या पंगतीत ऐकतो, आणि घरच्या मंडळींच्या व्हॉट्सॲपवरही ते अधूनमधून येऊन पडतं. मला ते साफ नामंजूर आहे. का, ते सांगतो.

जनरल जगन्नाथराव भोसले हे नाव आज कितीजणांना आठवतं? आपल्याच कोकणातले, सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे, जन्म १९०६. सँडहर्स्टला शिकून ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात अधिकारी झाले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि ते युद्धकैदी झाले. पुढे आझाद हिंद सेना. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजींनी हंगामी सरकार स्थापन केलं, त्यात सैन्याच्या प्रतिनिधींमध्ये भोसले होते. युद्ध संपल्यावर नशिबी आली कैद.

देश स्वतंत्र झाला, पण आझाद हिंदच्या लोकांना सैन्यात परत घेतलं नाही. दुसरा कोणी असता तर आयुष्यभर धुसफुसत बसला असता. हुकूम सोडायची सवय असलेल्या या माणसाने मात्र लोकांपुढे मतांसाठी हात जोडले. १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि नेहरूंच्या सरकारात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीत घरदार गमावलेल्यांचं खातं ते! तिथे सलाम कमी आणि गाऱ्हाणी फार. शिवाय संसदेत कोणीही उठून जाब विचारणार.

१९५४ मध्ये त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली, तीही दिल्लीतल्या निर्वासित मुलांपासून. कवायत, व्यायाम, देशाची ओळख. हातात बंदूक नाही. पुढे ती देशभर अनेक शाळांत पोचली. १९६३ मध्ये भोसले गेले.

आता मुद्द्याचं. शेजारी पाकिस्तानात १९५८ साली जनरल अयूबखान आले ते घाण साफ करायलाच. तिथे पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायला १९७० उजाडलं, आणि पुढच्याच वर्षी देशाचे दोन तुकडे झाले!

पुढारी भ्रष्ट आहेत, हे मलाही दिसतं. पण नालायक पुढाऱ्याला पाच वर्षांनी घरी बसवता येतं. जनरलसाहेबांना कोण बसवणार?

जन्मभर मास्तरकी केली आहे. छडीच्या धाकाने गप्प बसलेला वर्ग, मास्तर दाराबाहेर गेले की काय करतो हे मला चांगलं ठाऊक आहे. तो गप्पपणा म्हणजे शिस्त नव्हे.

सैनिकाला राजकारणात यायचं असेल तर जरूर यावं, पण भोसल्यांच्या वाटेने, वर्दी उतरवून आणि मत मागून.

असो. पुन्हा तो निरोप आला, तर पुढे ढकलण्याआधी या कोकणच्या जनरलची आठवण ठेवा. पटलं नाही तर बिनधास्त लिहा, वाद घालायला मी आहेच!