आधी भिंत उघडा, मग किंमत ठरवा

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील जुन्या वास्तूंकडे मुंबईकरांचे लक्ष बहुधा दोनच प्रसंगी जाते : राजाबाई मनोऱ्याचे घड्याळ थांबले म्हणजे, किंवा इमारतीभोवती परांची बांधली गेली म्हणजे. दीक्षान्त सभागृहाचा जीर्णोद्धार या शतकाच्या पहिल्या दशकात झाला. मनोरा व ग्रंथालय यांचे काम २०१५ साली पुरे झाले. ही कामे चांगली झाली, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. तथापि खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस सोसणाऱ्या दगडी इमारतीची दुरुस्ती एकदा करून संपत नसते. ती पुन्हा करावी लागणारच. आणि ती कोणत्या रीतीने करावी, याचा निर्णय परांची चढण्यापूर्वी व्हावा असे आम्हांस वाटते.

आपल्याकडील सरकारी रीत सर्वांच्या परिचयाची आहे. वास्तुविशारदाने नकाशे काढावयाचे, दरसूचीवरून अंदाजपत्रक करावयाचे, निविदा मागवावयाच्या आणि ज्याचा आकडा सर्वांत कमी त्याच्या हाती काम सोपवावयाचे. नव्या इमारतीस ही रीत बरी. जुन्या इमारतीत मात्र नकाशावर उतरते ते डोळ्यांना दिसणारे. रोग असतो तो आत. भिंतीत शिरलेली तुळयांची टोके कुजली आहेत काय, दगड जखडणारे लोखंड गंजून फुगले आहे काय, पूर्वीच्या कोणी चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरून ठेवले आहे काय, हे भिंत उघडल्यावाचून ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. मग काम सुरू झाले की 'एक्स्ट्रा आयटम' निघतात, फाइल एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाते आणि तेवढ्यात मृगाचा पाऊस उघड्या भिंतीवर पडतो. कमी आकडा भरून काम मिळविणारा आपली तूट कोठून तरी भरून काढणारच. चुना मुरण्यास वेळ लागतो, सिमेंटला लागत नाही. परंतु सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. ती ओल दगडातून वाट काढते, आणि तिच्यातील क्षारांमुळे दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो.

या वास्तूंचा स्वतःचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. त्यांचे आराखडे करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत कधी पाऊल ठेवले नाही. नकाशे लंडनहून आले. सभागृह १८७४ साली, ग्रंथालय व मनोरा १८७८ साली येथील माणसांनी पुरे केले. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये, कापसाच्या तेजीच्या ऐन भरात, ग्रंथालयास दोन व मनोऱ्यास दोन असे चार लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी ती तेजी कोसळली आणि दात्याचेही दिवाळे निघाले. मनोऱ्यावर पश्चिम भारतातील चोवीस जातीजमातींच्या मूर्ती आहेत. त्या घडविण्याचे श्रेय सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांना दिले जाते. कोणाची पगडी कशी बांधलेली असते, हे लंडनच्या मेजावर कळण्यासारखे नव्हते.

नकाशा आणि हात यांची ही गाठ आज करारानेच घालता येते. आराखडा व बांधणी एकाच चमूकडे सोपविण्याची, परंतु टप्प्याटप्प्याने सोपविण्याची, पद्धत परदेशी रूढ होत आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सार्वजनिक संस्थांना आराखडा-बांधणीचे करार करण्यास कायद्यानेच वाट दिली आहे. वास्तुविशारद, संवर्धनतज्ज्ञ, अभियंता व बांधकाम करणारा यांची निवड योग्यता पाहून आरंभीच करावयाची. पहिल्या टप्प्याचे स्वतंत्र पैसे देऊन भिंती उघडावयाच्या, दगड-चुन्याचे नमुने तपासावयाचे. त्यानंतर आराखडा व किंमत बरोबरच ठरवावयाची. आणि किंमत न पटल्यास तयार झालेले नकाशे घेऊन संस्थेने मोकळे व्हावयाचे.

यावरील आक्षेप हलका नाही. वास्तुविशारद हा मालकाच्या वतीने कंत्राटदारावर देखरेख ठेवणारा. तोच कंत्राटदाराच्या पंगतीस बसला तर पहारा कोणी करावयाचा? आपल्या सार्वजनिक कामांचा अनुभव पाहता ही शंका घेणाऱ्यास कोणी दोष देऊ नये. म्हणूनच विद्यापीठाने स्वतःच्या पगारावर एक स्वतंत्र संवर्धनतज्ज्ञ नेमावा आणि काम थांबविण्याचा अधिकार त्याच्या हाती असावा. खर्चाच्या वह्या प्रत्येक टप्प्यास विद्यापीठापुढे उघड्या असाव्यात. वारसा समितीसही अखेरच्या नकाशावर शिक्का मारण्यापुरते न बोलावता भिंत उघडतानाच बोलवावे. मुंबईने १९९५ साली वारसा-नियम केले, २०१८ साली हा परिसर जागतिक वारसायादीत गेला. एवढी सावधगिरी त्यास शोभणारीच आहे. महामार्गांसाठी वापरली जाणारी एकरकमी कंत्राटाची तऱ्हा मात्र येथे कदापि आणू नये. भिंत उघडण्यापूर्वीच ज्याने किंमत कबूल केली, तो ती भिंत लवकरात लवकर बुजविण्याच्याच घाईत राहील.

चमूच्या बैठकीत ग्रंथपाल आणि विद्यार्थी यांनाही जागा हवी. विजेच्या तारा कोठून न्याव्यात, आग विझविण्याची सोय कशी करावी, २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांना दिलेला प्रवेशाचा हक्क गॉथिक जिन्यांच्या या इमारतीत कसा पाळावा, हे प्रश्न वापरणाराला ठाऊक असतात. ते शेवटी आठवले की कोरीव दगडाला भोक पडते.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी गुणवत्ताप्रधान ठरविलेल्या कामांत गुणवत्तेस तीस टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली. तीस टक्के थोडेच. पण किमान आकड्याची मक्तेदारी तेवढी तरी ढळली. राज्यशासनाने वारसा-वास्तूंसाठी तीच वाट विद्यापीठांना स्पष्ट शब्दांत खुली करून द्यावी. पहिला प्रयोग लहानच असावा : एखादा जिना, एखादी गच्ची. आणि भिंत उघडावी ती पावसाळा संपताच, ऑक्टोबरात. गळतीच्या खुणा तेव्हाच ताज्या असतात, आणि पुढचे आठ महिने कोरडे मिळतात.