साऱ्याच्या तागडीत तोललेले मत

“अडाण्याच्या हाती मत दिले आणि देश बुडाला,” हे शहाणपण गावच्या पारापासून आगगाडीच्या डब्यापर्यंत अजून ऐकू येते. शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, या शहाण्यांना आमचा एकच सवाल आहे. मत थोड्यांच्याच हाती होते तेव्हा त्या थोड्यांचे शहाणपण मोजले कशाने होते?

१९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबई इलाख्यात मतदार ठरविताना रयतेच्या डोक्यात काय आहे हे कोणी पाहिले नाही. तिच्या जमिनीला सारा किती, एवढेच पाहिले. आकार ३२ रुपये असेल तर मत. रत्नागिरीसारख्या गरीब जिल्ह्यात १६ रुपये. म्हणजे ३२ रुपयेवाला शहाणा, आणि त्याच्याच बांधाला बांध लावून राबणारा ३१ रुपयेवाला अडाणी! गावचा सुतार, लोहार, कुंभार यांच्या हातात विद्या होती, पण जमीन नव्हती. मग मत कुठले? स्त्रियांना तर कायद्याने आधी वगळलेच होते. १९२१ साली मुंबईच्या कौन्सिलाने ती आडकाठी काढली खरी, परंतु खाते सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर असता त्या उघड्या दारातून आत जाणार कोण? उलट पदवीधरांसाठी मुंबई विद्यापीठाची जागा वेगळी राखलेली. पदवीधर घरदार राखून असला, तर त्याला एक मत घराचे आणि दुसरे पदवीचे.

त्याच कौन्सिलात मराठा व तत्सम जातींना सात राखीव जागा मिळाल्या. आपल्या चळवळीने त्याचा आनंद मानला, आणि तो रास्तच होता. पण घरातल्या घरात खोटे कशाला बोला? जागा आपली झाली तरी मत बलुतेदाराचे झाले नाही, आणि लहान खात्याचा कुणबीही बाहेरच राहिला.

१९३५ च्या कायद्याने साऱ्याची अट खाली आणली आणि जोडीला मॅट्रिकची पात्रता आणून बसविली. वा रे न्याय! बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे जोतीराव फुले १८८२ साली हंटर कमिशनला सांगून चुकले होते. शाळा दिली नाही ती नाहीच, वर दाखला मागायचा! १९२८ साली सायमन कमिशनपुढे डॉ. आंबेडकरांनी प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत मागितले. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे, हाच त्या मागणीचा गाभा.

ते मत अखेर राज्यघटनेने दिले. १९५१-५२ च्या निवडणुकीत यादीवर १७ कोटींहून अधिक नावे होती, आणि त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, पेटीवर चिन्ह; ते ओळखून लोकांनी मत टाकले. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगून स्वतःचे नाव न दिलेल्या सुमारे २८ लाख बाया मात्र यादीतून गळाल्या. या गोष्टीची लाज त्या बायांनी नव्हे, आपण पुरुषांनी बाळगावी.

जुने उगाळतो असे म्हणाल, तर तीच तागडी मागल्या दाराने परत आली आहे. २०१५ साली हरियाणात कायदा झाला की पंचायतीस उभे राहायचे तर पुरुषाने दहावी पास असावे, स्त्रिया व अनुसूचित जातींचे पुरुष यांना आठवी; घरात शौचालय हवे, सोसायटीचे कर्ज व विजेचे बिल थकलेले नको. सुप्रीम कोर्टानेही त्याच साली तो उचलून धरला. राजस्थानातही शिक्षणाची अट घातली होती. तेथे ती २०१९ साली काढून टाकावी लागली. दुष्काळात ज्याचे बिल थकले त्याने मत खुशाल द्यावे, निवडून मात्र दुसऱ्यालाच द्यावे, असा हा कावा! कालची सारापावती गेली, तिच्या जागी वीजबिल आले.

आपल्या गावात कोणी अशा अटींची भलामण करू लागला, तर भर ग्रामसभेत त्याला उभा करा आणि त्याच्या आज्याचा सारा किती होता ते विचारा.